मूत्रावरोध आणि वाढते मूत्रपिंड

छत्तीसगढ ही भाताची भूमी. रायपूरच्या आसपास जिकडे जावे तिकडे भाताच्या गिरण्या, आणि गिरणी तेथे कोंडा. हा कोंडा स्वस्त पडतो, म्हणून विक्रीसाठी पोसलेल्या बोकडांपुढे तो सढळ हाताने टाकला जातो. त्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम मात्र अगदी थोडे. हे प्रमाण उलटे झाले की मूत्रात बारीक खडे धरू लागतात. हिवाळ्यात जनावर पाणी कमी पिते, तेव्हा तर अधिकच. मादीचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्याने खडे वाहून जातात. नराचा मार्ग लांब, अरुंद आणि वळणाचा. त्यातून लहानपणीच खच्चीकरण झाले असेल तर तो पुरेसा रुंदावतही नाही. खडा अडकतो तो तेथे.

करडू वारंवार कुंथू लागते. धन्याला वाटते मलावरोध झाला, आणि तो एरंडेल पाजतो. पुढे कधी कुंथणे एकाएकी थांबते व धन्याला हायसे वाटते. वास्तविक त्या वेळी मूत्राशय फुटलेला असू शकतो. शेळी ही गरिबाची पुंजी. ती अशी जाते.

श्रोतेहो, मूत्रपिंडात जे घडते ते याहूनही अदृश्य असते. रक्त गाळणाऱ्या ज्या सूक्ष्म घटकांचे ते बनलेले असते, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. हे घटक ठराविक मुदतीतच निर्माण होतात. मनुष्यात आणि मेंढीत ती मुदत जन्मापूर्वीच संपते; उंदराच्या पिलात ती जन्मानंतर सुमारे आठवडाभर चालते. त्यानंतर असलेले घटक वाढतात, परिपक्व होतात, परंतु नव्याची भर पडत नाही. वाट तुंबली की दाब मागे चढतो, नलिका फुगतात, रक्तपुरवठा घटतो आणि नष्ट झालेल्या पेशींच्या जागी निरुपयोगी तंतू माजतात.

बेक या संशोधकाने १९७१ मध्ये मेंढीच्या गर्भातील मूत्रवाहिनी बांधून पाहिली. गर्भकाळाच्या पूर्वार्धात बांधली तेव्हा मूत्रपिंडाची घडणच बिघडली. उत्तरार्धात बांधली तेव्हा मूत्रपिंड फुगले, पण मूळ घडण पुष्कळशी शाबूत राहिली. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठात शेव्हलिए यांनी नवजात उंदरांतील अवरोध काही दिवसांनी दूर केला, तरी त्यांची नेफ्रॉनसंख्या घटलेलीच राहिली. हेच काही मुलग्यांच्या बाबतीत घडते. जन्मतःच मूत्रनलिकेत पातळ पडदा असतो. तो काढला तरी कित्येकांची मूत्रपिंडे वयात येता येता दुबळी पडतात. गर्भवतीच्या सोनोग्राफीत बाळाची मूत्रपिंडे फुगलेली दिसली, किंवा मुलग्याची धार क्षीण वाटली, तर ‘मोठा झाला की सुधारेल’ हे घरातील वडीलधाऱ्यांचे आश्वासन मला घातक वाटते.

करडावर उपचार आहे. शस्त्रवैद्य मूत्राशयात नळी बसवून मूत्राला कुशीतून वाट देतात, आणि खडे विरघळावेत म्हणून मोजून अमोनियम क्लोराइड देतात. कल्हईवाल्याचा नवसागर तो हाच, परंतु त्याचे प्रमाण पशुवैद्यानेच ठरवावयाचे. दुर्गच्या पुढे, राजनांदगावच्या रस्त्यावर अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे करडू न्यावयाचे ते कुंथू लागले त्याच दिवशी.