कावेरीच्या नोंदवहीचा धडा

पाठीवर उंच कुबड असलेला महासीर हे कावेरीचे वैभव. त्याला गळाला लावण्यासाठी हौशी मासेमार दूरदेशीहूनही कर्नाटकात येत. १९७०च्या दशकापासून तेथे एक शिस्त रुजली : मासा धरावा, त्याची नोंद करावी आणि त्याला जिवंत पाण्यात सोडावे. नदीकाठच्या ग्रामस्थांना वाटाडे व रखवालदार म्हणून रोजगार मिळाला; सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवर पहारा बसला.

याच कावेरीत लोणावळ्याच्या टाटा वीज कंपनीच्या केंद्रात वाढविलेल्या निळ्या परांच्या महासीराचे बीजही सोडण्यात आले. हेतू शुद्धच होता. परंतु संशोधकांनी १९९८ ते २०१२ या काळातील मासेमारांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. बाहेरून आलेला मासा वाढत होता आणि मूळचा कुबडा महासीर लोपत चालला होता. २०१८मध्ये त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. तत्पूर्वीच अभयारण्यातील गळ बंद झाले होते. त्यांच्याबरोबर नोंदीही थांबल्या.

नदीचे नियम ठरविताना वनाधिकारी, मत्स्यशास्त्रज्ञ, स्थानिक कोळी, वाटाडे आणि हौशी मासेमार एकत्र बसले पाहिजेत. कोणते बीज कोणत्या नदीत सोडावे, विणीच्या हंगामात गळ केव्हा आवरावा, हे त्यांनी मिळून ठरवावे. नोंदवही सर्वांसाठी खुली ठेवावी. कावेरीत गेलेले बीज महाराष्ट्रातून गेले होते. म्हणून हा धडा महाराष्ट्राने तरी विसरता कामा नये.