नसेचे राखणदार



आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या सभांत आणि उसन्या पुस्तकांत झाले. तरी मुलचेऱ्यात आज नसांविषयी बोलण्याचे धाडस करतो, ते एका चुकीमुळे.

आमच्या संघटनेतील एका बांबू तोडणाऱ्या गड्याची करंगळी व तिच्या शेजारचे बोट वाकू लागले. कोयता धरून झाले असेल, असे तो म्हणाला. आम्हीही मान डोलावली. विडीचा चटका बसला तरी कळत नाही, हेही त्याने सांगितले होते. मजुरीच्या हिशेबात आम्ही ते ऐकून सोडून दिले. तो कुष्ठरोग होता.

नसेच्या धाग्याला काही पेशी वेढून असतात. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांना श्वान पेशी म्हणतात. कुत्र्याशी नात्याचा संबंध नाही. काम मात्र राखणीचेच. नस तुटली की या पेशी रोजचे काम टाकून दुरुस्तीला लागतात. रसायनांच्या हाका घालून रक्तातील भक्षक पेशींना बोलावतात. त्या पडझड उचलतात, श्वान पेशी रांग धरतात, आणि त्या रांगेतून नवा धागा दिवसाला सुमारे एक मिलिमीटर पुढे सरकतो.

१८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सनने शोधलेला कुष्ठजंतू नेमका याच राखणदाराच्या घरात दडतो. त्याची वाढ फार सावकाश, म्हणून वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. पुढे शरीराच्या फौजेला तो दिसतो आणि ती त्या घरावरच तुटून पडते. नस सुजते, तिचे आवरण आवळ, त्यात धागा चेंगरतो. कोपरामागची नस अशी गेली की बोटे वाकतात. म्हणजे हात जातो तो पुष्कळदा जंतूपेक्षा या झुंजीने. उपचार चालू असताना, किंवा संपल्यावरही, ही झुंज भडकू शकते.

जंतू मारणारी बहुऔषधी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. सुजेसाठी मात्र प्रेडनिसोलोनसारखे निराळे औषध लागते, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बधिरता किंवा अशक्तपणा नवा, सहा महिन्यांच्या आतला असेल, तर हात वाचण्याची आशा अधिक.

आपल्याच मुलखात, वरोऱ्याजवळ, १९५१ साली बाबा आमट्यांनी आनंदवन उभारले आणि झडलेल्या बोटांनीही शेती पिकते हे दाखविले. २००५ साली देशाने दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण असल्याचे जाहीर केले. तरी गडचिरोलीत नवे रुग्ण आजही सापडतात.

म्हणून मागणी एवढीच : तेंदूच्या फळीवर, बांबूच्या कूपात मजुरीबरोबर हेही विचारा, "बधिर चट्टा आहे का? कोपर दुखते का? हातातून वस्तू निसटते का?" होय म्हणणाऱ्याला त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या, आणि त्याच्या ताटाला ताट लावून जेवा.

आमचा गडी रोगातून बरा झाला. बोटे सरळ झाली नाहीत. कोयता आता त्याचा मुलगा धरतो.