व्हिसावरचे दिवस

सुट्टीत स्वित्झर्लंडला निघालेल्या मंडळींची तयारी सध्या जोरात असेल. कुणी ल्यूसर्न आणि टिटलिस बघायला, तर कुणी झुरिकला मुलीच्या बाळंतपणाला. बँकेची स्टेटमेंट, ९० युरोंची फी, ३० हजार युरोंचा विमा हे सगळं तुमचा एजंट किंवा तिकडची लेक सांगतेच. त्यात मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते पासपोर्टवर स्टिकर लागल्यानंतरचं.

त्या स्टिकरवर दोन तारखा असतात, पासून आणि पर्यंत. आपण त्या वाचतो आणि पासपोर्ट कपाटात ठेवतो. पण त्याच स्टिकरवर ‘ड्युरेशन ऑफ स्टे’ असंही छापलेलं असतं आणि पुढे दिवसांचा आकडा असतो. तो कुणी वाचत नाही. आजची सगळी मिनिटं मी त्या आकड्यासाठी ठेवली आहेत.

समजा, व्हिसा १ मे ते १४ जुलै आहे आणि आकडा आहे ६०. आईबाबा १ मे रोजी झुरिकला उतरले. त्यांनी कधी निघायचं? दहातले आठ जण म्हणतील, १४ जुलैला. नाही! २९ जूनला. मधले १५ दिवस हे तुमचं जाणं थोडं पुढे ढकललं गेलं तर सोय व्हावी म्हणून दिलेले असतात. ते राहण्याचे दिवस नव्हेत.

आपल्या मेसचं कूपनबुक आठवा. बुकात ६० कुपनं आणि वर लिहिलेलं असतं, अमुक तारखेपर्यंत चालेल. तारीख बाकी आहे म्हणून ६१वं ताट मिळतं का? कुपनं संपली की जेवण संपलं. आणि अर्धीच पोळी खाल्ली तरी कूपन पूर्ण फाटतं. तसंच तुमचं विमान रात्री साडेअकराला उतरलं तरी तो दिवस पूर्ण धरला जातो. निघण्याचा दिवसही पूर्ण धरला जातो. या मेसच्या शाखा आहेत २९, कारण शेंगेन देश, म्हणजे हा एकच व्हिसा चालणारे युरोपातले देश, २९ आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण २००८ पासून शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे पॅरिसला चार दिवस राहिलात तर कुपनं त्याच बुकातून फाटतात. कितीतरी लोक म्हणतात, ‘आम्ही तर तेव्हा फ्रान्समध्ये होतो!’ अहो, बुक एकच आहे.

आता त्याच स्टिकरवरची प्रवेशांची संख्या. तिथे ‘०१’ असेल तर एकदा पानावरून उठलात की उरलेली कुपनं वाया. म्हणजे झुरिकहून मिलानला जाऊन परत या, काही अडचण नाही. पण मध्येच चार दिवस भाच्याकडे लंडनला गेलात, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागेलच, शिवाय परत झुरिकला येता येणार नाही. दोन महिने हातात असतील तरी नाही. लंडनचं तिकीट काढण्याआधी तो आकडा बघा.

ज्यांना दोन किंवा पाच वर्षांचा व्हिसा मिळतो, त्यांचा घोळ याहून मोठा असतो. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एक चांगली सोय झाली आहे. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे नियमानं वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पण पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षं मुक्काम नव्हे. कोणत्याही १८० दिवसांत ९०च दिवस. हे १८० दिवस १ जानेवारीपासून मोजायचे नसतात. ज्या दिवशी तुम्ही तिथे असाल, त्या दिवसापासून मागे मोजायचे. नातवासाठी वर्षातून दोनदा जाणाऱ्या आजीआजोबांनी हे पाठच करावं.

काही जण मला सांगतात, दोन-चार दिवस जास्त झाले तर कोण बघतंय. हे ऐकलं की मला खरोखर वाईट वाटतं. पूर्वी अधिकारी पासपोर्टची पानं उलटून पुसट शिक्के शोधायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून मात्र सीमेवर चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन येण्याजाण्याची नोंद संगणकात करायला टप्प्याटप्प्यानं सुरुवात झाली आहे. दिवस आता यंत्र मोजतं. दंड होऊ शकतो, प्रवेशबंदी होऊ शकते, पुढचा अर्ज नाकारला जाऊ शकतो.

तिथे कुणी खरंच आजारी पडलं तर? तर वाट असते, पण दिवस संपण्याआधी तिथल्या कँटनच्या, म्हणजे प्रांताच्या, स्थलांतर कार्यालयात डॉक्टरांचा कागद घेऊन जावं लागतं. संपल्यावर नाही, आधी. याबद्दल पुष्कळ सांगण्यासारखं आहे... आणि सीमेवरचा अधिकारी व्हिसा असूनही हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट विचारू शकतो, तेही बोलायचं होतं. पण वेळ संपत आली आहे.

तेव्हा एकच विनंती. घरात कुणाचा व्हिसा आला असेल, तर आज रात्री पासपोर्ट काढा, दिवसांचा आकडा वाचा आणि कॅलेंडरवर बोट ठेवून उतरण्याच्या दिवसापासून मोजा. परतीचं तिकीट त्या आकड्याच्या पुढचं असेल, तर उद्याच बदलून घ्या.