मोठ्या गाडीचं लायसन

मंडळी, आपल्या मुरूमजवळून सोलापूर-हैदराबाद रस्ता जातो. गावोगावची किती तरी पोरं ट्रकवर क्लीनर म्हणून जातात. हात बसतो, पण कागद नसतो. "आम्ही आठवी पास नाही, आम्हाला लायसन कोण देणार?" असं ती विचारतात. पूर्वी ती अट होती खरी. पण २०१९ साली सरकारनं ती काढून टाकली. हे अजून पुष्कळांच्या कानावर गेलेलं नाही.

वय मात्र २० वर्षं पुरं पाहिजे. आधी जीपसारख्या हलक्या गाडीचं लायसन काढायचं. तिथं रस्त्याच्या खुणांची परीक्षा असते. खुणा वाचायला शिका. त्या लायसनला वर्ष झालं, की मोठ्या गाडीचं शिकाऊ लायसन मिळतं. डॉक्टरचा दाखला लागतो, ड्रायव्हिंग स्कूलचाही लागतो. उस्तादानं शिकवलं, तेवढ्यावर भागत नाही. निदान ३० दिवस शिकल्यावर आरटीओ साहेबापुढं गाडी चालवून दाखवायची.

लायसन हाती आलं, की एजंटाच्या शब्दावर खिशात घालू नका. त्यावर मोठ्या गाडीचा वर्ग आहे का, ते स्वतः बघा. तो इंग्रजी अक्षरांत असतो. ती अक्षरं आम्ही आता फळ्यावर काढतो. वहीत उतरवून घ्या.