वंशावळीतील एक उणीव
(वार्षिक संमेलनातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



हा विषय भर सभेत बोलण्याचा नव्हे, असे दोघा-तिघा हितचिंतकांनी आम्हांस कालच सुचविले. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु याच संकोचापायी आम्ही हा विषय निवडला आहे.

आमच्या आत्याबाई पोटाच्या दुखण्याने गेल्या, असे घरात सांगत. पोट फुगते, दोन घासांत पुरे होते, लघवीला वारंवार जावे लागते, एवढीच तक्रार. पित्त समजून ओवा आणि सोडा यांवर आठ महिने गेले. अखेर निदान झाले ते अंडाशयाच्या कर्करोगाचे. घरात मुली लग्नाच्या होत्या. कागद कपाटात गेला आणि तो शब्द पुन्हा कोणी उच्चारला नाही. त्या मौनाला आमचीही संमती होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

अमेरिकेतील नामांकित विनोदी अभिनेत्री गिल्डा रॅडनर यांनाही १९८६ साली निदान होईपर्यंत कित्येक महिने डॉक्टरांचे उंबरठे झिजवावे लागले. १९८९ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी त्या निवर्तल्या. त्यांच्या कुळात हा रोग पूर्वी होऊन गेला होता. ती माहिती वेळेवर कामी आली नाही. पती जीन वाइल्डर यांनी मात्र दुःख झाकून ठेवले नाही. १९९१ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी कैफियत मांडली. रुग्णांनी व आप्तांनी विनामूल्य एकत्र बसावे, मन मोकळे करावे, यासाठी १९९५ साली न्यूयॉर्कमध्ये ‘गिल्डाज क्लब’ उघडला. बफेलो येथे डॉ. स्टीव्हन पायव्हर १९८१ पासून असा रोग झालेल्या घराण्यांची नोंदवही ठेवीत होते. तिला पुढे रॅडनर यांचे नाव देण्यात आले.

अशा नोंदींचे मोल पुढे कळले. १९९४ व १९९५ साली बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके हाती लागली. पेशीतील बिघाड दुरुस्त करणे हे त्यांचे काम. तीच सदोष असली तर स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. हा दोष आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, आणि अपत्यात उतरण्याचा संभव निम्मा असतो. आत्याचा आजार म्हणजे परघरी गेलेल्या लेकीचा आजार, असे समजणारे आम्ही किती अज्ञानी होतो! पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच सोयरीक करणाऱ्या अश्केनाझी यहुदी समाजात दर ४० माणसांमागे सुमारे एकात असा दोष आढळतो. यावरून आपल्या ज्ञातीविषयी अनुमान काढू नये; प्रत्येक घराने आपल्यापुरते पाहावे.

सरसकट तपासणीने हा रोग आधी पकडावा, तर तेही साधलेले नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर केलेल्या चाचणीचा अंतिम निष्कर्ष २०२१ साली आला. तपासणीमुळे मृत्यू कमी झाले नव्हते. म्हणून घराण्याची माहिती अधिक मोलाची. दोष आढळलेल्या स्त्रीस मुलेबाळे झाल्यावर, बहुधा ३५ ते ४० च्या सुमारास, अंडाशय व बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला देतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आनुवंशिक कर्करोगाविषयी सल्ला मिळतो.

आपल्या वंशावळीत सात-सात पिढ्यांचे पुरुष सापडतात. लेकींची नावे गाळलेली; कोण कशाने गेले, हे तर नाहीच. स्थळ मोडेल ही भीती खोटी नव्हे. वधूवर समितीत बसून आम्ही ती डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणून ही नोंद संस्थेच्या दप्तरी मागू नये, घरच्या वहीतच राहावी, असे आमचे मत आहे. दोन्ही कुळांतील कोणास, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला, एवढे लिहावे आणि डॉक्टरांस दाखवावे. पोटाची तक्रार दोन-तीन आठवडे टिकली तर ओव्यावर भागवू नये. रुग्णालयात सोबतीस कोणी नसेल, तर महिला मंडळातील पाच भगिनींनी येण्याचे मान्य केले आहे. त्यांची नावे कार्यवाहांकडे मिळतील.