परक्या मुळावरची वेल

द्राक्षवेल कोणत्या भूमीची म्हणावी? तिच्या मुळांवरून ठरवावें, कीं फळांवरून? फ्रान्सच्या दक्षिणेस भूमध्य समुद्राकांठीं लांगदॉक नांवाचा प्रांत आहे. रोमन लोकांनीं इ. स. पूर्व ११८ मध्यें तेथें नार्बोन नगर वसविलें. इतक्या जुन्या काळापासून द्राक्षासवावर जगणाऱ्या या प्रांताला एकदां हा प्रश्न मोठ्या संकटांत सोडवावा लागला.

१८६३ च्या सुमारास ऱ्होन नदीच्या कांठच्या वेली अकस्मात् वाळूं लागल्या. मेलेली वेल उपटून पाहावी, तर मुळें कुजलेलीं. पण अपराधी कोठेंच दिसेना. १८६८ च्या जुलैंत मोंपेल्ये येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों व त्यांचे दोन सहकारी यांनीं मेलेली वेल सोडून शेजारची जिवंत वेल उपटली. तिच्या मुळांवर बारीक पिवळ्या किड्यांची दाटी होती! वेलींतील रस आटला कीं कीड दुसऱ्या जिवंत वेलीकडे जाई. म्हणूनच ती मेलेल्या वेलीवर सांपडत नव्हती. ही फायलॉक्सेरा कीड अमेरिकेंतून आणलेल्या रोपांबरोबर आली होती.

बागाईतदारांनीं मुळांशीं विषारी औषधें घातलीं. सखल मळे कित्येक दिवस पाण्याखालीं ठेवले. परंतु टेकडीवरच्या गरीब माणसानें इतकें पाणी कोठून आणावें? अखेर कांट्यानेंच कांटा निघाला. अमेरिकन रानवेलींचीं मुळें या किडीला दाद देत नसत. तेव्हां खालीं अमेरिकन खुंट व वर आपली जुनी काडी असें कलम बांधावें, ही कल्पना पुढें आली. 'परक्या मुळाचा वास आमच्या द्राक्षासवाला लागेल,' अशी अनेकांना भीति वाटली. पण कलमाचें फळ काडीच्या गुणावर जातें, हें हापूसचें कलम बांधणाऱ्या कोंकणी माणसास सांगावयास नको.

आज लांगदॉकच्या बहुतेक वेली अशा खुंटांवर उभ्या आहेत, आणि त्यांचें द्राक्षासव कोणी परकें म्हणत नाहीं. नाशिक-सांगलीकडील बागाईतदारही खारवट जमीन व पाण्याची टंचाई यांवर उपाय म्हणून 'डॉगरिज' हा अमेरिकन खुंट लावतात. पूर्वजांचें कांहीं राखावयाचें झालें, तर त्यांतलें काय बदलूं द्यावें हें ओळखावें लागतें. लांगदॉकच्या शेतकऱ्यानें मूळ सोडलें व काडी जपली. म्हणून त्याच्या घरचा पेला रिकामा राहिला नाहीं.