सांदण कुणाच्या हातचं?



आज सांदणाबद्दल बोलतो. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुस्लिम घरांत ते ठाऊक नाही असं कुणी नसेल. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, थोडी साखर. पीठ आंबवायचं, वाट्यांत ओतून वाफवायचं आणि ईदेला मटणाच्या रश्शाबरोबर खायचं. शेजारच्या हिंदू घरांत फणसाचा रस घालून सांदणं होतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत माडीनं आंबवलेले सान्ना होतात. भात आणि माड जिथे आहेत, तिथल्या सगळ्यांचं हे खाणं आहे. 'तुम्ही मूळचे कुठले?' असं कुणी विचारलं, तर उत्तर आपल्या सैपाकघरातच आहे.

कोकणी माणूस पोटासाठी दूरवर गेला. कुणी बोटीवर, कुणी शंभर वर्षांपूर्वी थेट केपटाउनला. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाताची वाट रुळली. तिथे तीस वर्षं राबलं तरी नागरिकत्व सहसा मिळत नाही. काम संपलं की परत यायचं. म्हणून तिथल्या माणसाचं मन गावातच असतं.

माझे अब्बा कुवेतला होते. एका खोलीत सहाजण. ईद जवळ आली की घर आठवायचं. अम्मीनं सांदणाची कृती कॅसेटमध्ये बोलून पाठवली. डब्यातलं नारळाचं दूध आणून अब्बांनी सांदण केलं आणि सहाही जणांनी खाल्लं. ही आठवण ते आजही डोळे भरून सांगतात.

पण सुट्टीवर घरी आले की तेच अब्बा चुलीपाशी फिरकत नसत. अब्बांसाठी सांदण म्हणजे घराची ओढ. अम्मीसाठी ते ईदेच्या आदल्या रात्रीचं जागरण. अब्बा परदेशी असताना मुलांची शाळा, सासू-सासऱ्यांचं आजारपण, घराचं बांधकाम हे सगळं तिनंच निभावलं. त्या कष्टांच्या आठवणी मात्र कुणी तिला विचारल्या नाहीत.

परमुलखात पुरुषाला सैपाक जमतो, मग स्वतःच्या घरात का जमू नये? समतेवर आपण भाषणं खूप ऐकतो. मुलग्यांनो, या ईदेला आदल्या रात्री आईजवळ बसा. रवा किती, दूध किती, पीठ कधी फुगलं म्हणायचं, ते शिकून घ्या आणि तिच्याच बोलीत लिहून ठेवा. मग सकाळी वाट्या तुम्ही भरा. तिला नमाज पढून निवांत बसू द्या, पहिलं सांदण तिच्या ताटात वाढा.